गांवकरातला ‘सी’ आणि साडेसहाशे युरो

पोर्तुगालहून माझ्या कामाचे पैसे यायचे होते, त्यासाठी भरायच्या फॉर्ममध्ये एक चौकट होती, ‘बीआयसी किंवा स्विफ्ट’, परदेशातनं पैसे यायला बँकेची ओळख सांगणारा कोड, आणि तिच्या बाजूला लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय पुढं सोडणार नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ८ किंवा ११ अक्षरं. मी चेकबुक काढलं, त्यावर एक कोड होताच, मोजून बघितला, बरोबर अकरा, टाकला. लाल. परत टाकला, परत लाल. मग वाटलं मधला तो शून्य नसून ओ असेल, म्हणून ओ टाकला, तरी लालच. रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस, लाईट जातेय येतेय, आणि तिकडं पोर्तोमधली अकाउंट्सची बाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बँक डिटेल्स उघडून बघणार.

हे दोन वर्षांपूर्वीचं. पोर्तोत एक छोटी कंपनी आहे, लाकडी जिगसॉ बनवते, त्यांना आपल्याकडच्या देवळांवर असतात तसल्या कावी चित्रांच्या धर्तीवर सहा चित्रं पाहिजे होती. म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगात कोरलेली वेलबुट्टी, मोर, हत्ती, तसली. मी फोंड्याला घरूनच चित्रं काढते, लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, दिवाळी अंकात कधीतरी एखादं चित्र, असं चाललेलं असतं. परदेशातून पैसे येणार हे पहिल्यांदाच. साडेसहाशे युरो. मी मनातल्या मनात त्याचे रुपये करून खर्चसुद्धा करून टाकलेले, नवीन टॅब घ्यायचा होता.

सकाळी मामाला फोन केला. आमचा मामा बँकेतनं रिटायर झालेला, आणि त्यातली बरीच वर्षं पणजीला फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर काढलेली. तो म्हणाला, “कोड वाचून दाखव.” मी पहिली चार अक्षरं वाचली, मग “शून्य” म्हटलं तर तिथंच थांबवलं मला. “अगो, हा आयएफएससी. हा भारताच्या वेशीबाहेर कोण विचारत नाही.”

तर हे पहिलं, आणि मला खात्री आहे निम्म्या लोकांचं हेच होतं. आयएफएससी पण अकरा अक्षरांचा आणि स्विफ्ट कोड पण अकरा असू शकतो, दोन्हीची पहिली चार अक्षरं बँकेचीच, त्यामुळं बघताना सख्खे भाऊ वाटतात. पण आयएफएससीत पाचव्या जागी कायम शून्य असतो आणि त्याच्यापुढची सहा तुमच्या शाखेची. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, सगळं ह्याच्यावर चालतं, पण देशातल्या देशात. स्विफ्ट कोडात मात्र पाचव्या-सहाव्या जागी देशाची दोन अक्षरं लागतात. तिथं शून्य दिसला की त्या मशीनला लगेच कळतं की हे आपलं नव्हे. ते बिचारं बरोबरच लाल होत होतं.

संध्याकाळी मामा स्वतःच आला, येताना फरसाण घेऊन, आणि लाईटबिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून दाखवलं. स्टेट बँकेचा घेतला त्याने उदाहरणाला. एस-बी-आय-एन, मग आय-एन, मग बी-बी. मध्ये मध्ये उभ्या रेघा मारल्या. पहिली चार बँक, पुढची दोन देश, त्याच्यापुढची दोन गाव. आठ झाली. एवढ्यावर पण काम चालतं. शाखा वेगळी दाखवायची असेल तर आणखी तीन, आणि मुख्य ऑफिस म्हणायचं असेल तर त्या तीन जागी एक्स-एक्स-एक्स. म्हणजे आठ अक्षरांचा आणि तीन एक्स लावलेला अकराचा, दोन्ही एकच. मी विचारलं, बी-बी म्हणजे काय? तर म्हणाला बॉम्बे. १९९५ ला बॉम्बेचं मुंबई झालं पण कोडात अजून बॉम्बेच बसलेलं आहे, एचडीएफसी असो, बँक ऑफ बडोदा असो, बहुतेकांच्या शेपटीला बी-बी. आणि आम्ही फोंड्याचे लोक पण ह्या हिशोबाने बॉम्बेचेच.

मला ह्या कोडांचा नाद लागला खरं सांगायचं तर. त्यांच्यात जुनी नावं तशीच अडकून राहतात. न्यूयॉर्कला डॉयचे बँकेचा कोड बी-के-टी-आर ने सुरू होतो, ते म्हणे बँकर्स ट्रस्ट, जी बँक डॉयचेने १९९९ ला विकत घेतली. इंग्लंडमध्ये एचएसबीसीचा एक कोड एम-आय-डी-एल असा, तो मिडलँड बँकेचा, ती १९९२ लाच एचएसबीसीकडे गेली. पाटी बदलली, मालक बदलला, पण कोड आपला जुन्या घरनंबरासारखा. आपल्याकडे उलटा प्रकार, २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, विजया-देना बडोद्यात, सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियनमध्ये, आणि पुढं हळूहळू त्यांचे जुने कोड बंद होत गेले. पण नेटवरच्या त्या ‘स्विफ्ट कोड शोधा’ वाल्या साईटींवर काय काय पडलेलं असतं देव जाणे, त्यांना कोण सांगायला जात नाही.

आणि मी मूर्ख, मामा येऊन जायच्या आधी दुपारीच तसल्याच एका साईटवरनं कोड उचलून बाईंना पाठवून दिलेला! मामाला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला नाही, पण चहाचा कप खाली ठेवला, आमच्याकडे ते त्याच्याहून वाईट. कोड बघितला तर बँक माझीच होती, पण शेवटची तीन अक्षरं भलत्याच गावातल्या शाखेची. मामा म्हणाला, फार बिघडत नाही, बँक बरोबर असली की पुढं अकाउंट नंबरवरनं सापडतं, दोन दिवस इकडं तिकडं होतील. बऱ्याच शाखांना, आमच्या फोंड्याच्या शाखेसारख्या, स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. निरोप जातो मुंबईला नाहीतर परकीय चलनाचं काम बघणाऱ्या मोठ्या शाखेला, आणि तिथनं तुमच्या खात्यात. म्हणून शाखेत जायचं आणि म्हणायचं, परदेशातनं पैसे यायचेत, त्याचा पूर्ण कागद द्या. बँकेचं पूर्ण नाव, स्विफ्ट, कुठल्या चलनाला मधली बँक कोणती आणि तिच्यातला आपल्या बँकेचा खातेनंबर, सगळं त्या एका कागदावर असतं. तो मागायचा असतो हे मला कोण सांगणार होतं.

बरं त्यांच्या फॉर्मात आणखी एक चौकट, आयबॅन. तिकडं युरोपात प्रत्येक खात्याला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेनंबर, असतो, पोर्तुगालचा पंचवीस अक्षरांचा, सुरुवातीला पी-टी आणि पन्नास. त्यात दोन आकडे असे असतात की सगळ्या नंबराचं गणित करून ९७ ने भागलं की बाकी १ यायला पाहिजे, एक आकडा चुकला की तिथल्या तिथं पकडतं. भारतात आयबॅन नाहीच. बाईंनी तीनदा विचारलं, मी तीनदा लिहिलं की आमच्याकडे नसतो, तिला वाटलं मी देत नाहीय! शेवटी तिच्या बँकेनेच तिला सांगितलं असणार. आणि गंमत म्हणजे स्विफ्ट कोडात असला तपासणीचा आकडा काहीच नाही. दोन अक्षरं इकडची तिकडं झाली आणि नशिबाने तसा कोड दुसऱ्या कोणाचा असला तर निरोप बिनबोभाट तिकडं जाईल.

निरोप म्हणतेय मी मघापासून, पैसे नव्हे, कारण मामाने ते डोक्यात ठोकूनच बसवलं. स्विफ्ट पैसे पाठवत नाही. त्याच्यात एक पैसा इकडचा तिकडं होत नाही. बेल्जियममध्ये ला उल्प म्हणून गाव आहे ब्रुसेल्सच्या जवळ, तिथं ह्यांचं मुख्यालय, १९७३ ला १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून काढलेली ही संस्था, आणि काम काय तर बँकांचे निरोप सुरक्षित पोचवायचे. पैसे हलतात ते वह्यांमध्ये. माझ्या बँकेचं एक युरो खातं तिकडं फ्रँकफुर्टच्या एखाद्या बँकेत असतं. बाईंच्या बँकेने तिच्या खात्यातनं कापले, फ्रँकफुर्टवाल्यांना सांगितलं, त्यांनी माझ्या बँकेच्या खात्यात जमा मांडले, मग माझी बँक मला इथं रुपये देते. त्या तिकडच्या खात्याला बँकेत ‘नॉस्त्रो’ म्हणतात. इटालियन शब्द, म्हणजे आमचं. आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तेच ‘वोस्त्रो’, तुमचं.

आमची आजी इतका वेळ कोपऱ्यात वाल सोलत बसलेली. ती पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेली, त्याचा तिला अजून तोरा आहे. नॉस्त्रो ऐकल्यावर मान वर करून पोर्तुगीजात म्हणाली, “नोस्सु, व्होस्सु.” आणि परत वाल. मामाला समजावायला वीस मिनिटं लागलेली.

मग मामा त्याच्या जुन्या दिवसांत गेला, आणि तो एकदा गेला की जेवायची वेळ झाल्याशिवाय परत येत नाही. स्विफ्टच्या आधी टेलेक्स, म्हणजे इकडं टाइप केलेला निरोप तारेवरनं तिकडच्या मशीनवर छापून निघायचा. टेलेक्सवर कोणी पण काही पण टाइप करेल, मग खरं कशावरनं? तर प्रत्येक निरोपाला एक ‘टेस्ट’ नंबर असायचा, तारखेचा एक आकडा, रकमेचा एक, चलनाचा एक, असं तक्त्यातनं शोधून बेरीज करायची, ती जुळली तर निरोप खरा. तक्त्यांची पुस्तकं तिजोरीत. बेरीज चुकली की उलट टेलेक्स, आणि तोवर माणूस काउंटरसमोर उभा. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा, मामा सांगत होता, बायका रोज सकाळी बँकेच्या दारात येऊन बसायच्या. कोणाचा नवरा तिकडं, कोणाचा मुलगा. दर महिन्याचा पैसा यायचा बंद झालेला, पण त्या पैशासाठी येत नव्हत्या. पैसे आले म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढंच त्यांना त्या टेलेक्सवरनं कळून घ्यायचं होतं. मामाकडे सांगायला काही नसायचं, तो म्हणे चहा मागवायचा. पुढच्या वर्षी, १९९१ च्या डिसेंबरात, भारत स्विफ्टमध्ये आला, आणि मग हळूहळू ती टेस्टची पुस्तकं गेली.

असो. मुद्दा माझे साडेसहाशे.

बाईंनी गुरुवारी पैसे पाठवले, तसा मेल आला, पावती जोडलेली. सोमवारपर्यंत मी दर तासाला ॲप उघडत होते. बुधवारी शाखेत गेले, तिथल्या मुलाने स्क्रीनवर बघून सांगितलं, “मॅडम, काही आलेलं नाही.” त्याच्या पुढच्या सोमवारी परत, परत तेच. अकराव्या दिवशी मी घरी चिडचिड करत होते तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, “लिस्बनास गेल्लें परत येवंक तीस वर्सां लागतात.” पोर्तो आणि लिस्बन वेगळं हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा हिशोब वेगळा आहे. गोवा मुक्त व्हायच्या तोंडावर, १९६१ च्या डिसेंबरात, पणजीच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुमध्ये लोकांनी गहाण ठेवलेलं सोनं बोटीने लिस्बनला गेलं, आणि ते परत आलं १९९१ ला. आजीच्या चुलतीच्या पाटल्या त्यात होत्या असं आमच्या घरी सांगतात. तेव्हापासून आमच्याकडे बँक म्हटलं की आजी आधी विचारते, “खंयची?”

मामाने आता दोन गोष्टी मागवायला सांगितल्या. एक यूईटीआर. हा त्या व्यवहाराचा छत्तीस अक्षरांचा नंबर, मधल्या आडव्या रेघा धरून, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही, त्याच्यावरनं बँकांना बघता येतं की पैसे कुठल्या टप्प्यावर आहेत. कुरिअरच्या नंबरासारखा. दुसरी, एमटी १०३ ची कॉपी. म्हणजे बँकेने प्रत्यक्ष पाठवलेला निरोप, जसाच्या तसा. ग्राहकाच्या पैशाच्या निरोपाला तेव्हा एमटी १०३ म्हणायचे. (२०२५ च्या नोव्हेंबरपासून बँका नव्या पद्धतीवर गेल्यात, आयएसओ २००२२ म्हणून, पण काउंटरवर अजून सगळे एमटी १०३ च म्हणतात आणि अजून दहा वर्षं म्हणतील.)

बाईंनी पाठवली कॉपी. एक पान. वर सगळं आकड्यांत, आकडा, कोलन, मजकूर. ३२ए म्हणजे तारीख, चलन, रक्कम. ५०के म्हणजे पाठवणारा. ५७ए म्हणजे माझी बँक, तिथं तो भलत्या गावचा कोड. ७१ए ला एस-एच-ए, त्याचं नंतर सांगते. आणि ५९, पैसे कोणाला द्यायचे. अकाउंट नंबर बरोबर. मी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. त्याच्याखाली माझं नाव. मी वाचलं, बरोबर वाटलं. मामाला व्हॉट्सॲप केलं. दोन मिनिटांत फोन.

“तुझं आडनाव आधारावर कसं आहे?”

जी-ए-ओ-एन-के-ए-आर.

“आणि हांगा?”

जी-ए-यू-एन-सी-ए-आर.

आता ह्याला काय म्हणायचं सांगा. गोव्याबाहेरच्यांना कळणार नाही कदाचित, पण आमच्याकडे प्रत्येक घरात ही दोन-दोन नावं असतात. पोर्तुगीज मुळाक्षरांत ‘के’ हे अक्षरच नव्हतं, के, डब्ल्यू आणि वाय ही तिन्ही त्यांनी १९९० च्या शुद्धलेखन करारात आत घेतली. त्यामुळं जुन्या दफ्तरात आम्ही सगळे ‘सी’ आणि ‘क्यू’ वाले, गांवकरांत सी, नाईकांत क्यू, कामतांचं तर कामोटीं. आजोबांच्या जन्मनोंदीत सी, बाबांच्या जन्मनोंदीत सी, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर के. माझं आधार, पॅन, बँक, सगळं के. पण मी चित्रांवर सही करते ती सी ने. मला ते आवडतं, आजोबा तसं लिहायचे. आणि इन्व्हॉइसवर पण, हौस म्हणून, सुंदर अक्षरात सी. बाईंनी इन्व्हॉइसवरचं नाव उचललं. तिने काय चूक केली? उलट नंतर तिने लिहिलं की तिला ते नाव ओळखीचंच वाटलेलं.

तर पैसे बँकेत येऊन चार दिवस झालेले, आमच्या मोठ्या ऑफिसात. नाव जुळत नाही म्हणून बाजूला काढून ठेवलेले. शाखेच्या स्क्रीनवर ते दिसतच नव्हते, कारण माझ्या खात्यापर्यंत आलेच नव्हते. मला कोणी कळवलं का? तर म्हणे मेल गेलेला. कुठल्या आयडीवर? अकाउंट उघडताना कॉलेजात असताना दिलेल्या आयडीवर, ज्याचा पासवर्ड मला २०१४ पासून आठवत नाही. इथं मी बँकेवर पण चिडले आणि स्वतःवर पण, पण खरं तर स्वतःवर जास्त.

मग ते निस्तरायला आणखी आठ दिवस. बाईंच्या बँकेने दुरुस्तीचा निरोप पाठवला, त्याचे वीस युरो तिच्याकडनं घेतले, ते मी पुढच्या बिलात वजा केले, कारण चूक माझी. इकडं मी इन्व्हॉइस दिलं, एक पत्र दिलं की दोन्ही नावाची बाई मीच, आणि पैसे कशाचे त्याचा कोड. हा रिझर्व्ह बँकेचा पर्पज कोड, परदेशातनं येणाऱ्या प्रत्येक पैशाला लागतो. पी १३०१ म्हणजे बाहेरच्या आपल्या माणसाने घरखर्चाला पाठवलेले, पी १४०१ म्हणजे पगार, पी ०८०२ म्हणजे सॉफ्टवेअरचं काम. काउंटरवरचा मुलगा मला पी १३०१ टाकून मोकळं करत होता, “सगळे हाच टाकतात मॅडम.” टाकत असतील, निम्म्या गोव्याची मुलं बाहेर आहेत. पण कामाचे पैसे घरखर्च म्हणून दाखवले तर उद्या इन्कम टॅक्सला काय सांगणार, आणि निर्यातीचा कागद काय मिळणार. मामाने फोनवरनं त्याला दोन शब्द सांगितले तेव्हा त्याने यादी काढली.

शेवटी खात्यात जमा झाले ते सहाशे पस्तीस युरोचे रुपये. पंधरा कुठं गेले? ते ७१ए. तिथं तीनच शब्द असतात, ओ-यू-आर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, बी-ई-एन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा, एस-एच-ए म्हणजे आपापला आपण. एस-एच-ए असलं की मधली बँक वाटेत आपला वाटा काढून घेते आणि पुढं पाठवते, जत्रेत नारळ देवापर्यंत पोचेपर्यंत अर्धा होतो तसं. मग आपली बँक आपले चार्जेस घेते, रेट बाजारापेक्षा थोडा खाली लावते (खरा खर्च इथं असतो, लोक चार्जेसच्या शंभर रुपयांवर भांडतात आणि रेटमध्ये हजार गेलेले बघत नाहीत), आणि चलन बदलण्यावर जीएसटी. तो मात्र किरकोळ, एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का किंवा कमीत कमी २५० रुपये हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्या मूल्यावर १८ टक्के, म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. मी पहिल्यांदा स्टेटमेंट बघितलं तेव्हा मला वाटलेलं सगळ्या रकमेवर १८ टक्के कापणार, रात्रभर झोप नाही.

त्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो, सुंगटांची आमटी होती, तेव्हा मी म्हटलं, दोन अक्षरांसाठी एवढं? तर त्याने बांगलादेश बँकेची गोष्ट काढली. २०१६ चा फेब्रुवारी. चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या सिस्टिममध्ये घुसून तिच्याच नावाने स्विफ्टवरनं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला निरोप पाठवले, पस्तीस, सगळे मिळून ९५ कोटी डॉलरच्या वर. निरोप खरेच होते ना, बरोबर बँकेकडनं, बरोबर रीतीने आलेले. पाच सुटले. ८ कोटी १० लाख मनिलाला गेले आणि कॅसिनोंमध्ये गडप झाले. २ कोटी श्रीलंकेला जायचे होते, एका फाउंडेशनच्या नावाने, पण चोरांनी फाउंडेशनचं स्पेलिंग ‘फॅन्डेशन’ असं केलेलं. मधल्या बँकेतल्या कोणाला तरी खटकलं, त्यांनी विचारणा केली, पैसे अडकले ते परत आले. आणि उरलेले तीस न्यूयॉर्कला अडकण्यात एक कारण असं की मनिलातली ती शाखा ज्युपिटर नावाच्या रस्त्यावर होती आणि ‘ज्युपिटर’ हा शब्द दुसऱ्याच कुठल्या तरी निर्बंधांच्या यादीत होता. मामा हे सांगताना इतका खूष होता जसं काही त्यानेच पकडलं. म्हणाला, तुझं नाव अडवणारा आणि त्यांचं नाव अडवणारा माणूस एकच गो, तो स्पेलिंग वाचणारा. मला तेव्हा आमटी गोड लागेना, पण म्हणणं त्याचं खरं होतं.

निर्बंधांवरनं आठवलं, माझी एक मैत्रीण मोरजीला खोल्या भाड्याने देते, तिच्याकडे वर्षानुवर्षं रशियन येतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या सात बँका स्विफ्टमधनं काढल्या, आणि व्हिसा-मास्टरकार्डने पण तिकडचं काम थांबवलं. तिच्याकडे तेव्हा एक कुटुंब राहत होतं. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं नाही, भरपूर होते, पण ते तिकडच्या वहीत, आणि त्या वहीतनं इकडच्या वहीत निरोप न्यायला कोणी नाही. तिने त्यांना उधारीवर ठेवलं. पुढच्या सीझनला ते नोटा घेऊन आले. नॉस्त्रो वोस्त्रो काही नाही, रबरबँड लावलेल्या नोटा.

आता माझ्या फोनमध्ये एक नोट पिन करून ठेवलेली आहे. बँकेच्या कागदावरनं अक्षर न् अक्षर उतरवलेली, नाव पासबुकावरचं, के वालं, पत्ता, अकाउंट नंबर, स्विफ्ट, मधली बँक, पर्पज कोड, आणि ‘आयबॅन इंडियात नसतो’ हे वाक्य पोर्तुगीजमध्ये, आजीकडून लिहून घेतलेलं. आजीने त्याच्यात ‘कृपा करून’ दोनदा घातलंय. चित्रांवर सही अजून सी नेच करते. इन्व्हॉइसवर के. दुसरं बिल चार दिवसांत आलं, नंतरची पण तशीच येतायत.

आणि ह्यामुळं घरात मी आता ह्या विषयातली शहाणी झालेय. परवा रात्री इंग्लंडमधल्या स्विंडनहून चुलतभावाचा फोन, प्रसादचा. गेली सहा वर्षं तिकडं वेअरहाऊसमध्ये आहे, पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेला. काकीला चवथीच्या सामानाला पैसे पाठवायचे होते, शिवाय इथल्या त्याच्या जुन्या खात्यात थोडे ठेवायचे होते, आणि फॉर्मवर स्विफ्ट मागतायत म्हणून मला विचारत होता. मी म्हटलं, कोड देते, कोडाचं काही नाही, तुझं नाव सांग आधी पासपोर्टवर कसं आहे, सी की के?

थोडा वेळ तिकडनं आवाज नाही. मग म्हणाला, “नव्या की जुन्या?”